अडल्याची वही

यादी हॉस्टेलातच तयार झाली होती, प्रॅक्टिकलच्या जर्नलमधलं एक पान फाडून. वस्तू 31. पहिल्या नंबरावर सोफा-कम-बेड, दुसऱ्यावर भिंतीवर सोडायची चमचमत्या दिव्यांची माळ. झाडू सत्ताविसावा, तोही कुणाला तरी आयत्या वेळी आठवला म्हणून.

आम्ही तिघी. एक वरूडची, एक बऱ्हाणपूरची आणि मी पांढुर्ण्याची. परगावी शिकायला आलेल्या पोरींची गावं आधी पाठ होतात, नावं मागाहून. त्यामुळे वरूड, बऱ्हाणपूर, पांढुर्णा याच आमच्या हाका झाल्या आणि अजूनही त्याच आहेत. मी गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेच्या, गावची म्हणून भांडणात कुणी माझ्या वाटेला जायचं नाही, एवढा त्यातला फायदा. भोपाळच्या बरकतउल्ला विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. 1988 मध्ये या विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलं, ते मौलाना बरकतउल्ला भोपाळहून जे निघाले ते टोकियो, काबूल, बर्लिन करत 1927 साली सॅन फ्रान्सिस्कोत वारले. आयुष्यात त्यांनी किती बिऱ्हाडं मांडली असतील कोण जाणे. आम्हाला एकच मांडायचं होतं आणि त्याचीच धास्ती होती.

एका खासगी हॉस्टेलात महिनाभर काढून ऑगस्टमध्ये साकेत नगरात, 9-ए मध्ये, वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. खोली, तिला लागून ओटा असलेलं अरुंद स्वयंपाकघर, मोरी आणि हातभर बाल्कनी. एम्सची भिंत चालत दहा मिनिटांवर. मेट्रोचे तेव्हा नुसते खांब उभे होते. 2012 मध्ये एम्स सुरू झालं आणि इथल्या घरांना वरचे मजले फुटले, असं घरमालकीणबाई म्हणायच्या. त्या मराठी, मूळ नागपूरच्या, वय पंचाहत्तरीच्या आसपास. यजमान 'हेवी इलेक्ट्रिकल्स'मध्ये होते. सगळं भोपाळ आता भेल म्हणतं, पण आजींच्या तोंडी अजून 'हेवी'च.

भाडं आणि डिपॉझिट देऊन तिघींचे चार-चार हजार उरले. म्हणजे 12,000 रुपयांत घर उभं करायचं.

आम्ही रिकाम्या फरशीवर यादी पसरून बसलो होतो. बऱ्हाणपूरच्या मोबाइलमध्ये सोफा-कम-बेडचा फोटो, खाली हप्त्याची रक्कम. आजी किल्लीचा दुसरा जोड द्यायला वर आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय करून राहिल्या गं पोरीहो?"

यादी त्यांनी हातात घेतली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि एकतीसच्या एकतीस वस्तू मोठ्यानं वाचल्या. स्वतः लिहिलेली यादी दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं फार वाईट असतं.

"सोफ्यावर कोण बसणार?"

"आम्हीच, आजी."

"कधी? सकाळी कॉलेज, रात्री झोप. मधात बसायला वेळ काढला तर अभ्यास कधी?"

त्या खाली गेल्या आणि बँकेची एक जुनी, कोरी डायरी घेऊन आल्या. पट्टी नव्हती म्हणून आमच्याच स्टीलच्या ताटलीच्या कडेनं रेघा मारल्या. तीन रकाने: तारीख, काय अडलं, कसं भागवलं.

"काय पाहिजे ते लिहायचं नाही. काय अडलं ते लिहायचं. एकदा अडलं तर सवय नाही म्हणून, दुसऱ्यांदा अडलं तर आळस म्हणून. तिसऱ्यांदा अडलं की मग बाजारात जायचं."

"म्हणजे गादी नाही म्हणून तीन रात्री तळमळायचं का?" बऱ्हाणपूर म्हणाली.

"गादी घ्या नं. पण ती कशावर टाकणार?"

हा प्रश्न आम्ही ऐकला नाही. म्हणजे कानांनी ऐकला. त्याच संध्याकाळी फोमच्या तीन गाद्या आल्या, दीड हजाराला एक. 12,000 पैकी साडेचार हजार पहिल्याच दिवशी गेले, आणि वहीचं पहिलं पान कोरंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मात्र पहिली नोंद पडली. पाऊस थांबेना, तिघींचे ओले कपडे, वाळत घालायला जागा नाही. 'काय अडलं: दोरी. कसं भागवलं: आजीची गच्ची.' तिसऱ्या दिवशी पुन्हा दोरी. चौथ्या दिवशी पुन्हा. जाड नायलॉनची पंधरा मीटर दोरी आणि चार खिळे, 70 रुपये. आमची वहीप्रमाणे केलेली पहिली खरेदी ही, आणि एकतीसच्या यादीत दोरीचं नाव कुठेच नव्हतं.

पुढच्या दोन महिन्यांतली पानं आता चाळली की हसू येतं. झाकण तीनदा अडलं, कारण ओट्यावरच्या भिंतीवर पालींची वस्ती होती आणि वरण उघडं. सांडशी सलग तीन दिवस. तोवर ओढणीच्या टोकानं गरम भांडी उतरवून ओढणीला भोक पडलं. दुसरी बादली अडली. पायपुसणं अडलं. आरसा एकाच सकाळी तीनदा अडला आणि हे तीनदा धरायचं की एकदा, यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी आजींनी निकाल दिला: एका दिवसाचं एकदाच. खुर्ची मात्र एकाच फटक्यात आली. वरूडचे बाबा संत्र्यांची पिशवी घेऊन भेटायला आले आणि त्यांना पालथ्या बादलीवर बसून चहा प्यावा लागला. बाप बादलीवर बसलेला बघून वरूड जी रडली, ती नोंद आम्ही तीनदाच्या बरोबरीची धरली. बरखेड्याच्या विजय मार्केटमधून प्लास्टिकची खुर्ची आणली, डोक्यावर घेऊन, पायी.

तिसऱ्या रकान्याकडे सुरुवातीला आमचं लक्षच नव्हतं. तो भरायचा म्हणून भरत होतो. 'हातोडी: मागच्या गल्लीतले कंपाउंडर काका.' 'मिक्सर: समोरच्या सिंधी भाभी.' 'चिकटपट्टी: एम्सच्या गेटाजवळचा झेरॉक्सवाला.' उसनं आणायचं तर परत करायला जावं लागतं, आणि आपल्याकडे रिकामं भांडं परत करत नाहीत. मग त्यात वरूडची दोन संत्री जायची, नाहीतर बऱ्हाणपूरहून आलेल्या मावा जिलबीचं एखादं वेढं. मिक्सरच्या बदल्यात मी एकदा भाभींच्या मुलाचा गणिताचा गृहपाठ करून घेतला. पुढे तो रोजच यायला लागला. ते वेगळंच अडणं.

इंडक्शनचं सांगायलाच हवं. वरूडच्या भावानं स्वतःची जुनी शेगडी दिली होती, 2,000 वॉटची. फुकट म्हणून आम्ही खूश. खोलीतल्या भिंतीवरचे सॉकेट साधे, छोट्या पिनेचे. शेगडीची पीन मोठी. आम्ही बाजारातून मिळालं तसलं एक एक्स्टेन्शन बोर्ड आणलं आणि त्यावरच कुकर चढवला. तिसऱ्या शिट्टीला जळक्या प्लॅस्टिकचा वास. बोर्ड वितळून पिनेला चिकटलेलं, भिंतीवर काळा डाग. हिशेब शाळेतला आहे: 2,000 भागिले 230, म्हणजे जवळपास पावणेनऊ अँपिअर, आणि छोटा सॉकेट सहा अँपिअरचा. एम.एस्सी.च्या तीन मुलींनी तो मांडला नाही. कंपाउंडर काकांनी मेन स्विच पाडला, मग आमच्याकडे बघून नुसती मान हलवली. त्यांनीच पाच किलोच्या छोट्या सिलिंडरचं सांगितलं. तो ओळखपत्रावर मिळतो, भाडेकरूला पत्त्याचा पुरावा शोधत बसावं लागत नाही. सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी, हा आमचा गादीनंतरचा मोठा खर्च. परगावी खोली घेणाऱ्या कुणालाही मी आधी भिंतीवरचे सॉकेट मोजायला सांगते, मग खिडक्या.

नवरात्राच्या आधी केर काढताना वरूडनं गादी उचलली आणि तशीच सोडून दिली. खालची बाजू काळ्या ठिपक्यांनी भरलेली. तिन्ही गाद्यांची तीच गत. पावसाळ्यातली गार फरशी, वर रात्रभर अंगाची ऊब आणि घाम, मध्ये वारा शिरायला बोटभरही जागा नाही. फोम ती ओल धरून बसला होता. आजींचा पहिल्या दिवशीचा प्रश्न तेव्हा कळला. आजी वर आल्या, वाकून वास घेतला आणि "उन्हात टाका" एवढंच म्हणाल्या. मी तर म्हणतच होते, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

गाद्या गच्चीवर चार दिवस उन्हात पडल्या. दोन सुधारल्या, एक टाकून द्यावी लागली. मग जुन्या भोपाळातल्या कबाडखान्यात गेलो. नावाप्रमाणेच तो सगळा भाग जुन्या सामानाचा. तिथे निवारीचे लोखंडी फोल्डिंग पलंग मिळाले, तीन मिळून अठराशेला. भाव बऱ्हाणपूरनं केला. ती दुकानदाराशी हिंदीत बोलायची, आमच्याशी मराठीत आणि स्वतःशी गणितात. जी फोमशिवाय राहिली तिला निवारीवर सतरंजी टाकून झोप येते की नाही, हे वहीत लिहायचं ठरलं. ती मीच. दोन वर्षांत माझी गादी एकदाही अडली नाही.

त्या दिवशी पलंग लावून झाल्यावर आजींनी आम्हाला खाली जेवायला बोलावलं. स्वयंपाकघरात त्यांचा पाण्याचा माठ एका देवदारी खोक्यावर ठेवलेला होता. खोक्याच्या फळीवर कधीकाळी रंगवलेली अक्षरं पुसट झालेली. मी विचारलं, आणि आजी पहिल्यांदाच मोकळ्या झाल्या.

वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी भोपाळला आली. फायली आल्या, त्यांच्या मागोमाग कारकून आले, कारकुनांच्या मागे बायका-पोरं. आजी सहा वर्षांच्या होत्या. नवाबांचं हे लहानसं शहर. एवढ्या माणसांना पुरतील इतकी घरं कुठली? तात्या टोपे नगरची क्वार्टर्स मागाहून झाली. तोवर पाच माणसं एका खोलीत. नागपूरहून आणलेलं सामान म्हणजे एक ट्रंक, दोन वळकट्या आणि भांड्यांचं गाठोडं.

"आईजवळ वही नव्हती. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघ ओढायची. पाट नाही, एक रेघ. पुन्हा पाट नाही, दुसरी रेघ. तीन रेघा झाल्या की बाबा पगाराच्या दिवशी आणायचे. कधी कधी तीन रेघा व्हायच्याच नाहीत. आई म्हणायची, पुसून टाक, आपलं भागून राहिलं."

फायली काढून घेतलेले रिकामे खोके कचेरीच्या आवारात पडून होते. साहेबांना विचारून वडिलांनी एक घरी आणला. त्यावर आधी देव बसले, मग शिवणाचं मशीन, मग भावाची शाळेची पुस्तकं. क्वार्टर मिळालं, लग्न होऊन आजी 'हेवी'च्या टाउनशिपमध्ये आल्या, निवृत्तीनंतर साकेत नगरात घर बांधलं. खोका सगळीकडे बरोबर आला.

"द्या ना आम्हाला टेबलाला," वरूड सहज म्हणाली.

"नाही मिळायचा. मला रोज लागते."

ऑक्टोबरात बऱ्हाणपूरला ताप आला. दोन दिवस गोळ्यांवर काढले. विद्यार्थी असंच करतात आणि ते चूक आहे. तिसऱ्या रात्री दीड वाजता ती बरळायला लागली. थर्मामीटर 104 दाखवत होता. एम्स दहा मिनिटांवर, पण तिला उभंच राहता येईना. आजींकडे गाडी नाही, फोनवर रिक्षा मिळेना. मी वेड्यासारखी खोलीत फिरत होते. वरूडनं दिवा लावला, वही उघडली आणि तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवायला लागली. पाना कुणाकडून आणला होता? इस्त्री कुणाकडून? गाडी कुणाच्या दारात उभी असते?

कंपाउंडर काकांची जुनी मारुती व्हॅन निघाली. भाभी गाउनवर शाल गुंडाळून तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसल्या. डेंग्यू निघाला. पाच दिवस ती दवाखान्यात होती आणि त्या पाच दिवसांत आम्हाला एकदाही चूल पेटवावी लागली नाही. झेरॉक्सवाल्यानं सुद्धा शहाळं पाठवलं, तेही त्याच्या आईच्या हातानं.

घरी आल्यावर बऱ्हाणपूरनं अशक्त, वाकड्या अक्षरात नोंद केली. 'काय अडलं: मी.' तिसऱ्या रकान्यात इतकी नावं झाली की ओळ पुरेना, तेव्हा तिनं ती समासात वरपर्यंत लिहीत नेली.

वहीचा नियम एकदाच मोडला, आणि तो आजींनीच मोडायला लावला. जानेवारीत पलीकडच्या इमारतीतला एक डॉक्टर शिक्षण संपवून निघाला होता. कूलर विकायचा होता, बाराशे रुपये. आम्ही वहीवर हात ठेवून म्हणालो, अडलं नाही, घेणार नाही. बाहेर थंडी, आम्ही रजईत. आजी वैतागल्या.

"उन्हाळ्याला तीनदा कशाला अडू द्यायचं? तो काय नवीन येऊन राहिला? कूलर जानेवारीत घ्यावा, रजई एप्रिलात."

घेतला. मे महिन्यात भोपाळचा पारा चाळिशीच्या वर चढला तेव्हा तसलाच कूलर दुप्पट भावाला विकला जात होता. हे त्या पहिल्याच दिवशी का बोलल्या नाहीत, असं मी विचारलं. "तेव्हा तुम्ही ऐकलं असतं का?" असं त्यांनी मलाच विचारलं. गादीची आठवण होतीच, मी गप्प बसले.

दोन वर्षं संपली. शेवटच्या आठवड्यात तिघींनी जमाखर्च केला. 12,000 पैकी 1,140 रुपये शिल्लक होते. जर्नलचं ते जुनं पान वहीच्या मागच्या खिशात सापडलं. एकतीसपैकी नऊ वस्तू घरात होत्या. दिव्यांची माळ एका दिवाळीत भाभींकडून उसनी आणली होती, तशी नोंद आहे. सोफा-कम-बेड दोन वर्षांत वहीत आलाच नाही. पलंग, कूलर, शेगडी आजींनी खोलीतच ठेवून घेतली, पुढच्या मुलींसाठी, आणि त्याचे पैसे आम्ही नको म्हणत असताना हातात कोंबले.

पुढच्या मुली आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशीच आल्या. सौंसरच्या दोघी बहिणी, मागे सामानानं भरलेला छोटा हाथी. त्यात आरसा जडवलेलं ड्रेसिंग टेबल, दुहेरी पलंग, कापडी कपाट आणि एक सोफाही. हमालांनी पलंग उचलला. जिन्याला मध्ये वळण आहे. पलंगाचं डोकं वर अडलं, पाय खाली, आणि मधल्या पायरीवर हमाल. ना वर, ना खाली. बहिणींपैकी धाकटी रडकुंडीला आली. मोठी फोनवर वडिलांना मापं सांगत होती.

आजी खालच्या ओसरीत आमच्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर बँकेची नवी, कोरी डायरी. त्यांनी ताटली मागवली, कडेनं रेघा मारल्या आणि डायरी धाकटीच्या हातात दिली.

"लिही बाई. आजची तारीख. काय अडलं: पलंग. कुठे, ते पण लिही."

रात्रभर पलंग जिन्यातच होता. येणारे-जाणारे त्याच्या खालून वाकून गेले. सकाळी कंपाउंडर काका, झेरॉक्सवाला आणि भाभींचा मुलगा यांनी तो खाली काढून बाहेरून बाल्कनीत ओढून घेतला. दोरी आमची होती, चौपदरी केलेली. पहिल्या आठवड्यात 70 रुपयांना घेतलेली.